सानमेईनं नाक रंगवलं नाही

लुओ सानमेईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्या पेटीवर बसून कांदा खात होती. आमच्या नाटक मंडळीतल्या कपड्यांच्या पेट्यांची राखण नुकतीच माझ्याकडे आली होती आणि नवीन माणसाला असतो तेवढा सगळा तोरा मला होता. मी म्हटलं, "ऊठ गं. आत राजाचा झगा आहे." ती हलली नाही. कांद्याचा आणखी एक लचका तोडून म्हणाली, "विदूषकाला कुठल्याही पेटीवर बसता येतं, बाई. राजाला नाही येत. तुला नियम कुणी शिकवले नाहीत वाटतं?"

नियम खरा होता, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं. आमच्यात नायक त्याच्या पेटीवर बसतो, नायिका तिच्या, दाढीवाला योद्धा त्याच्या, आणि चुकून कुणी दुसऱ्याच्या पेटीला बूड टेकवलं तर दिवसभर शिव्या खातो. विदूषक मात्र कुठंही बसतो. शिवाय खेळाच्या दिवशी विदूषकानं स्वतःच्या नाकावर पांढऱ्या रंगाचा पहिला ठिपका दिल्याशिवाय दुसऱ्या कुणी कुंचल्याला हातसुद्धा लावायचा नाही. सांगतात की फार पूर्वी एका सम्राटाला नाटकाचं वेड लागलं आणि तो विदूषक होऊन रंगमंचावर उतरला, तेव्हापासून हा मान. खरं-खोटं त्या सम्राटाला ठाऊक. तिसरी गोष्ट तर सगळ्या वेई नदीच्या काठाला माहीत आहे: पांढऱ्या नाकाला गुन्हा नाही. नाक पांढरं असेतोवर विदूषक समोर बसलेल्या अधिकाऱ्याला गाढव म्हणू शकतो, आणि अधिकाऱ्याला हसावं लागतं. रंग पुसला की तो पुन्हा तुमच्या-माझ्यासारखा, शब्द मोजून बोलणारा.

सानमेईला शब्द मोजता येतच नव्हते. तिचे वडील मंडळीतले विदूषक. तीन मुली झाल्या, मुलगा झाला नाही, आणि तिसरीचं नाव ठेवायचाही त्यांना कंटाळा आला म्हणून ती सान, म्हणजे तिसरी. तेरा वर्षांची असताना वडिलांचा दम्यानं गळा बसला. मंडळीतले गुरुजी म्हणाले, पोरीचा आवाज खणखणीत आहे, हिला नायिका करू. ती म्हणाली, नायिका चार खेळांत रडते आणि पाचव्यात मरते, मला ते जमणार नाही. गुरुजींनी समजावलं की मुलीनं नाकाला चुना फासला तर तिच्याशी लग्न कोण करणार. ती म्हणाली, "ज्याला हसायला येतं तो." गुरुजींनी तिला वेताच्या छडीनं मारलं, तिनं मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी वडिलांच्या शेजारी जाऊन बसली. वडिलांनी पांढऱ्या रंगाची वाटी तिच्याकडे सरकवली.

मग ती दहा वर्षं आली जेव्हा वरच्या हुकमानं जुने खेळ बंद झाले. पेट्या आम्ही भुशाच्या कोठारात पुरल्या आणि कुदळी घेतल्या. सानमेई खळ्यावर गहू झोडायची आणि झोडता झोडता बोलायची. बोलायची ते नको तिथं पोचलं. एके दिवशी तिला स्टुलावर उभं केलं, डोक्यावर कागदाची हातभर उंच टोपी घातली आणि सगळ्या गावाला समोर बसवलं. "गुन्हा कबूल कर," असं सांगितल्यावर ती म्हणाली, "करते. पण टोपी एवढी उंच, डोकं मात्र होतं तेवढंच राहिलं. कागद फुकट गेला, तेवढं वाईट वाटतं." समोर बसलेल्या लोकांनी ओठ दातांखाली दाबले, तरी काहींना हसू फुटलंच. हसलेल्यांत श्यावान गावचा एक तोफू विकणारा होता, फान त्याचं आडनाव. त्यालाही हसल्याबद्दल टोपी मिळाली. दोघं शेजारी-शेजारी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. माझ्या मते तिच्या आयुष्यात तेवढंच एक काम तिनं सरळ रस्त्यानं केलं.

खेळ पुन्हा सुरू झाले तेव्हा आम्ही पेट्या उकरून काढल्या. राजाच्या झग्याला कसर लागली होती, तो मी महिनाभर रफू करत बसले. सानमेई पुन्हा नाक रंगवू लागली. आमचं गाणं म्हणजे कुणाच्या कानात कुजबुजायचं गाणं नव्हे. बेंबीच्या देठापासून ओरडायचं, मागे बोराच्या लाकडाचे दोन ठोकळे खटाखट वाजायचे, आणि कोसभर दूर नांगरणाऱ्याला कळायला हवं की आज गावात खेळ आहे. आवडलं तर लोक नटाच्या अंगावर लाल कापड टाकतात. नायिकेला लाल कापडं जास्त मिळायची. सानमेईला लोक वाफवलेल्या पावात लाल मिरचीचं तेल भरून आणून द्यायचे, आणि ती तिथंच, रंगमंचावर, खेळ थांबवून खायची.

तिच्या विनोदाला वही नव्हती. ज्या गावात खेळ त्या गावात ती सकाळीच उतरायची, विहिरीवर बसायची, दळणाच्या गिरणीवर बसायची, आणि कुणाची सून पळाली, कुठल्या शाळेचं छप्पर गळतं, कुणी कुणाचा बांध कोरला, ते सगळं गोळा करून दुपारी रंगमंचावर ओतायची. एका गावचा विनोद दुसऱ्या गावात कधी झाला नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, तो मागचा म्हशीचा विनोद किती छान होता, इथंही कर की." ती म्हणाली, "ती म्हैस इथली नाही."

फान वारला तेव्हा तिचं वय पंचावन्नच्या आसपास होतं. मागे राहिली श्यावानमध्ये नदीकाठची दोन बिघे जमीन, तिच्यात ती सोयाबीन लावायची. आणि मग आला मियाओ छांगशुन.

मियाओ श्यावानचाच. लहानपणी आमच्या खेळाला झाडावर चढून बसायचा, मी त्याला कितीदा हाकललाय. मोठा झाल्यावर त्यानं नदीतल्या वाळूचा ठेका घेतला. वाळू काढली, काढली, नदीच्या पोटात एवढा खड्डा केला की पावसाळ्यात काठच धसू लागला. आधी काठावरचे वेळू गेले, मग बांध गेले, मग शेतं. फानची दोन बिघे एका आठवड्यात पाण्यात उतरली. लोकांनी अर्ज केले. अर्जांवर शिक्के बसले. शेतं परत आली नाहीत.

गावात नागराजाचं देऊळ आहे. वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या द्वितीयेला नागराजा डोकं वर काढतो म्हणतात, त्या दिवशी जत्रा असते, घरोघरी दाणे भाजतात आणि देवापुढं आमच्या मंडळीचा खेळ होतो. शेतं गेल्यानंतरच्या जत्रेत आम्ही तो जुना फिर्यादींचा खेळ केला, जो इथल्या शेळ्यांनासुद्धा पाठ असेल. न्यायाधीश गादीवर बसलेला असतो, विदूषक फिर्याद घेऊन येतो. न्यायाधीश विचारतो, काय हरवलं? विदूषक म्हणतो, कोंबडी हरवली. मग त्या कोंबडीवरून अर्धा तास गोंधळ.

सानमेई आली, वाकली, आणि म्हणाली, "साहेब, माझी दोन बिघे जमीन हरवली."

आमचा न्यायाधीश तिच्याबरोबर तीस वर्षं काम केलेला. त्यानं दाढी सावरली. "जमीन कशी हरवेल? तिला काय पाय आहेत?"

"पाय नाहीत साहेब, ट्रकात बसून गेली."

"कुठं?"

"शहरात. म्हणे तिला बंगला व्हायचंय."

लोक हसले ते थांबेचनात. म्हाताऱ्या एकमेकींच्या मांडीवर थापा मारत होत्या. पहिल्या रांगेत बसलेला मियाओही हसला, दात सगळे दिसले. खेळ संपल्यावर तो आत आला, सगळ्यांना सिगारेटी वाटल्या आणि सानमेईला म्हणाला, "आत्या, तुमच्या जिभेला जवाब नाही." ती म्हणाली, "जवाब तुझ्याकडून हवा होता." नाक अजून पांढरंच होतं, म्हणून तो पुन्हा हसला.

त्याला झोंबलं होतं हे कळायला वर्ष लागलं. पुढच्या जत्रेचा सगळा भार मियाओनं उचलला. मांडव त्याचा, दिवे त्याचे, भिंतीएवढे दोन भोंगे त्याचे. गाव म्हणालं, वा. आयजीच्या जीवावर बायजी उदार, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याची अट एकच होती: यंदा गाणं आणि बोलणं रेकॉर्डचं. प्रांताच्या मोठ्या मंडळीनं शहरातल्या नाट्यगृहात केलेला तोच फिर्यादींचा खेळ त्यानं आणून दिला. आमच्या लोकांनी रंग लावायचा, कपडे घालायचे, तोंडं उघडायची-मिटायची. आवाज भोंग्यातून येणार.

आमचा मालक चाई देफू. माणूस वाईट नाही, पण पाठीच्या कण्याच्या जागी त्याला देवानं शेवई दिली आहे. पूर्वी तो मंडळीत झेंडे धरून धावायचा, गळा नव्हता, मग हिशेबीपणावर मालक झाला. तो जत्रेच्या सकाळी मांडवामागे आम्हाला म्हणाला, "आवाज कसा स्वच्छ आहे ऐका तरी. तुमच्याही गळ्याला विश्रांती." नायिकेचं काम करणारी चार दिवस घसा बसून गरम पाणी पीत होती, तिला तर देवच पावला. वाजंत्र्यांना त्यानं सांगितलं की वाद्यं घेऊन बसा, वाजवू नका. ढोलावरचे थुंग आजोबा, बाहत्तर वर्षांचे, टिपऱ्या गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. मी मूग गिळून गप्प होते. माझं काम कपड्यांचं, गळ्याचं नाही, असं मी मनाला सांगितलं. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

सानमेईनं विचारलं, "रेकॉर्डमध्ये विदूषक कोण आहे?"

"प्रांताचा मोठा कलाकार आहे, आत्या. नावाजलेला."

"काय हरवलं म्हणतो तो?"

चाई देफू जरा घुटमळला. "कोंबडीच. मूळ खेळात कोंबडीच आहे ना."

"म्हणजे त्याची कोंबडी माझ्या तोंडातून बाहेर पडणार."

"तुम्ही फक्त ओठ हलवायचे. एवढं काय त्यात?"

सानमेई वळली. राजाच्या कपड्यांच्या पेटीवर जाऊन बसली, मांडी घातली, खिशातून भाजलेले दाणे काढले आणि खाऊ लागली. पांढऱ्या रंगाची वाटी तिच्यासमोर होती, कुंचला वाटीवर आडवा ठेवलेला. मंडळीतले अठरा जण आपापल्या आरशासमोर बसले आणि वाट पाहू लागले.

पंधरा मिनिटं गेली. बाहेर लोक जमत होते, स्टुलं आपटल्याचे आवाज येत होते. चाई देफू म्हणाला, "आत्या, ठिपका."

"आज माझं नाक घरी राहिलंय."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? विदूषकाचं तोंड तू दुसऱ्याला दिलंस. मग नाकाचं मी काय करू? तोंडाशिवाय नाक रंगवायला मी काय भिंत आहे?"

कुणी हसलं नाही. त्यानं घड्याळ पाहिलं. मग तो दाढीवाल्या योद्ध्याकडे वळला. "तू लाव रे सुरुवात. काळा रंग घे." योद्धा सहा फुटी, खेळात एका दमात चाळीस जणांना कापतो. तो आरशातूनच म्हणाला, "मालक, माझ्या बापानं कधी विदूषकाच्या आधी कुंचला उचलला नाही. मला पोरंबाळं आहेत." नायिकेनं गरम पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. घोडं असं पेंड खात अडलं.

दरम्यान मियाओचा माणूस दोनदा पडद्यातून डोकावून गेला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "शेठ विचारतायत, देवाला ताटकळत ठेवायचं का?" चाई देफूच्या कपाळावर घाम आला. खरं सांगायचं तर मला त्याची दया आली. आणि मग त्यानं ते केलं, जे शुद्धीवर असलेला नाटकवाला कधी करणार नाही.

तो म्हणाला, "पहिला ठिपकाच हवा ना? नाक कुणाचं का असेना." आणि माझ्यापुढं हात केला. "काकू, कुंचला द्या."

वाटीजवळ मी उभी होते. मला पुढचं सगळं दिसत होतं. मी एक वाक्य बोलले असते तर तो वाचला असता. मी बोलले नाही. चांगली दोन्ही हातांनी वाटी पुढं केली, वर आरसाही धरला. त्यानं घाईघाईनं कुंचला बुडवला आणि स्वतःच्या नाकावर पांढरा ठिपका मारला. "झालं. लागा आता कामाला."

थुंग आजोबांनी सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. "नमस्कार विदूषकराव."

"काय?"

"दिवसाचं पहिलं पांढरं ज्याच्या नाकाला, तो त्या दिवसाचा विदूषक. एका दिवसाला दोन विदूषक नसतात. आता तू पुसलंस तरी तूच, आणि रंगमंचावर गेला नाहीस तर मंडळीचं वर्ष बुडतं. चाळीस वर्षं मंडळीत आहेस, झेंडे धरता धरता एवढंही ऐकलं नाहीस?"

ऐकलं होतं. घाईत विसरला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी आरशात पाहिलं. सानमेई पेटीवरून उतरली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ये, बस, आता तुझी पेटी. घाबरू नको. ओठच हलवायचे आहेत, एवढं काय त्यात?" आणि दाण्यांची पिशवी घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली.

मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. मैदान भरलं होतं. सगळ्यांत पुढं, वेताच्या मोठ्या खुर्चीत मियाओची आई होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, गुडघ्यांवर गोधडी, जत्रेसाठी मुलानं तिला मोटारीतून आणलं होतं. शेजारी तो स्वतः. मागे गाव आपापल्या स्टुलांवर दाणे चावत. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध सानमेईनं कुठल्याशा म्हातारीला सरकवून तिच्या स्टुलाचा अर्धा भाग बळकावला होता. रंगाशिवाय, करड्या कोटात. कित्येकांनी तिला ओळखलंच नाही.

भोंगे सुरू झाले. आवाज खरंच स्वच्छ होता, खोटं का बोला. न्यायाधीश आला, गादीवर बसला, तोंड हलवलं. मग चाई देफू आला. पायजमा तोकडा, नजर भोंग्याकडे. भोंग्यातून प्रांताच्या मोठ्या कलाकाराचा विनोद आला, शहरातल्या कुठल्याशा बसबद्दल होता. त्यापाठोपाठ भोंग्यातून हसण्याचा गडगडाट आला, कारण नाट्यगृहातले प्रेक्षकही रेकॉर्डमध्ये आले होते. आमचं मैदान गप्प होतं. यंत्र पोट धरून हसत होतं आणि माणसं त्याच्याकडे पाहत दाणे चावत होती. असलं लाजिरवाणं दृश्य मी सबंध आयुष्यात पाहिलं नव्हतं.

भोंग्यातल्या न्यायाधीशानं विचारलं, "बोल, काय हरवलं?"

भोंग्यातला विदूषक म्हणाला, "कोंबडी हरवली, साहेब."

"कोंबडी नाही," मैदानाच्या मधोमधून आवाज आला. "जमीन."

माना वळल्या. भोंगा पुढं म्हणाला, "रंग कोणता होता तिचा?"

"पिवळी होती, साहेब. मऊ होती. सोयाबीन छान यायचं."

"कुणी चोरली असा संशय आहे?" भोंग्यातला न्यायाधीश विचारत होता. खेळातलंच वाक्य होतं ते, शंभर वर्षांचं.

"संशय नाही. तो इथंच बसलाय."

आता लोक हसले. सगळे नाहीत, पण हसले. तिच्या पुढच्या एका माणसानं स्टूल उचललं, फिरवलं आणि रंगमंचाकडे पाठ करून बसला. मग त्याच्या बायकोनं. मग पलीकडच्या रांगेनं. स्टुलं जमिनीवर घासत होती आणि भोंग्यातले लोक आपले कोंबडीवर हसत होते. मियाओनं हात वर केला आणि त्याच्या माणसानं आवाज वाढवला. इतका वाढवला की मांडवाचं कापड थरथरलं. तेव्हा सानमेई उठून स्टुलावर उभी राहिली आणि तिनं गायला सुरुवात केली. फिर्यादीचं जुनं पद, तेच, फक्त कोंबडीच्या जागी शेत. साठीची बाई, पण आमचं गाणं ओरडण्याचंच आहे आणि ते ती तेरा वर्षांची असताना नदीच्या पुरासमोर उभं राहून शिकली होती. माझ्या शेजारी थुंग आजोबा उठले. टिपऱ्या उचलल्या, गळ्यात ढोलकं अडकवलं आणि रंगमंचाच्या पुढच्या बाजूनं, चाई देफूच्या समोरून, खाली मैदानात उतरले. लाकडी ठोकळेवाला त्यांच्यामागे. सारंगीवालाही गेला. न्यायाधीश गादीवरून उतरून कडेला येऊन ऐकू लागला. त्याचं तोंड बंद होतं आणि भोंग्यातून त्याचा आवाज येतच होता. मग कुणीतरी तार ओढली असावी. भोंगा बंद पडला.

मियाओ शांतपणे उठला. तो मूर्ख नव्हता. रांगांमधून चालत तो तिच्या स्टुलापर्यंत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता बोलला. "आत्या, सणाचा दिवस आहे. खराब करू नका."

"सण तुझा असेल तर मला बोलावणं नव्हतं. देवाचा असेल तर तो काही म्हणत नाहीये."

"तुमच्या नाकाला आज रंग नाही." त्यानं बोट दाखवलं. "गेल्या वर्षी तुम्ही बोललात, मी हसलो. विदूषक बोलला म्हणून. आज विदूषक तिथं उभा आहे," त्यानं चाई देफूकडे मान वळवली, "आणि तुम्ही एक बाई आहात, जी चारचौघांत माझ्यावर चोरीचा आळ घेतेय. याला विनोद म्हणत नाहीत. चौकीत याला दुसरं नाव आहे. विचार करून पुढचं वाक्य बोला."

मैदान एकदम गार झालं. मघाशी हसलेले लोक पायांकडे पाहू लागले.  तो म्हणत होता ते खरं होतं. पांढऱ्या नाकाला गुन्हा नाही, पण नाक तर तिनं स्वतःच सोडलं होतं. दुसऱ्याचा आवाज नको म्हणून तिनं आपलं चिलखत काढून मालकाच्या तोंडावर ठेवलं होतं, आणि आता साठीची एक विधवा करड्या कोटात स्टुलावर उभी होती. मला ओरडावंसं वाटलं, उतर गं खाली, माफी माग, घरी चल.

सानमेईनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. खरोखरच सर्दी झाली होती तिला.

"बरोबर बोललास," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मी नाकामागं लपून बोलले. लोक हसले, तूही हसलास, आणि हसून झाल्यावर सगळे घरी गेले. शेत कुणी आणलं नाही. तेव्हा आज विनोद नाही. लिहून घ्यायला सांग तुझ्या माणसाला. नाव लुओ सानमेई. फानची बायको. घर श्यावान, देवळामागं. नदीकाठची माझी दोन बिघे जमीन मियाओ छांगशुननं वाळूसाठी पोखरून पाण्यात घातली. हे मी नाक न रंगवता बोलतेय. वरच्या आळीतल्या वांगची तीन बिघे. विहिरीजवळच्या जिया भावांची पाच. मी सगळ्यांची नावं घेणार आहे, आणि ज्याला भीती वाटत असेल त्यानं आपलं नाव आलं की सांगावं, बाई खोटं बोलते म्हणून."

मियाओ म्हणाला, "बघू, कोण उभं राहतं तुमच्यामागं."

कुणी उभं राहिलं नाही. एवढ्यात पुढच्या रांगेतून लाकूड करकरल्याचा आवाज आला. मियाओची आई उठली होती. गोधडी खाली पडली. तिनं वेताच्या खुर्चीचे हात धरले आणि खुर्ची फिरवू लागली. जड खुर्ची, हात काडीएवढे. मियाओ धावत गेला, "आई, बस, मी करतो," म्हणाला. तिनं त्याचा हात बाजूला सारला. थोडी फिरवली, दम घेतला, पुन्हा फिरवली. रंगमंचाकडे आणि मुलाकडे पूर्ण पाठ होईपर्यंत ती थांबली नाही. मग बसली.

"जरा मोठ्यानं बोल, फानांच्या घरच्या सुनबाई, मला कमी ऐकू येतं," म्हातारी म्हणाली. "आणि वांगच्या आधी माझं नाव घे. सगळ्यांत आधी माझंच शेत गेलं."